गुरुवारचा पाद्री, शुक्रवारचा बँकवाला

क्लीव्हलँड,
९ फेब्रुवारी २०१०

तीर्थस्वरूप जेनेविव्हताईस,

धाकट्या फ्लोरियनचा गुडघा टेकून नमस्कार. (एकच टेकला आहे. उजवा टेकला की मला उठवायला व्हेरोनिका आणि शिवाय एक शेजारी लागतो, आणि आमच्या रस्त्यावर सध्या शेजाऱ्यांचा तुटवडा आहे.) तुझी साखर, तुझी पाठ, तुझे संत्र्याचे झाड आणि पाहुण्यांची बोटे फोडणारा तुझा पोपट हे सगळे ठणठणीत असतील अशी आशा करतो. नाताळचे पाकीट पोचले. तू चारी कडांना चिकटपट्टी लावतेस आणि मग त्या पट्टीवर आणखी एक पट्टी लावतेस, त्यामुळे ते उघडायला मला तळघरातून पक्कड आणावी लागली, पण आतला फोटो सुंदर आहे. फोटोत तुझ्या मागे जी खोली दिसते, जिच्यात कै. एडभाओजींच्या मासे पकडायच्या काठ्या उभ्या आहेत, तिला ओल येते का गं? सहज विचारले. फ्लोरिडात दमट हवा असते म्हणतात.

आम्ही दोघे इकडे मजेत आहोत. हे वाक्य मी मुद्दाम सुरुवातीलाच घालतो आहे, कारण आपल्या चर्चचे साप्ताहिक पत्रक तू गाव सोडल्यावरही वर्गणी भरून टपालाने मागवतेस हे मला ठाऊक आहे, आणि ३१ जानेवारीचा अंक एव्हाना तुझ्या हातात पडला असणार. त्यात तिसऱ्या पानावर, मयतांची यादी आणि बिंगोची वेळ यांच्या मधोमध, असे छापले आहे की आपल्या चर्चच्या कुटुंबातले एक वृद्ध जोडपे, फ्लोरियन आणि व्हेरोनिका पिओत्रास, ऐन थंडीत, ऊब देणारी भट्टी विझलेल्या घरात कांदा आणि शिळ्या पावावर दिवस कंठत आहे, तरी सहृदय बंधुभगिनींनी दाराजवळ ठेवलेल्या कॉफीच्या डब्यात यथाशक्ती मदत टाकावी. ताई, यातला 'वृद्ध' हा शब्द तर सरळसरळ चूक आहे, मला त्रेसष्टावे चालू आहे. बाकीचे कसे घडले ते नीट समजावून सांगण्यासाठी हे पत्र. जरा लांबेल. पोपटाला झाकून ठेव आणि चहा घेऊन बस.

तुला आठवत असेल, पाच वर्षांपूर्वी एक गोरागोमटा इसम आमच्या दारात आला होता. नव्या खिडक्या, नवे छप्पर, आणि त्यासाठी लागणारे कर्जही त्याच्याच बॅगेत. तेव्हा तू फोनवर म्हणाली होतीस, ज्याचे दात इतके पांढरे आहेत त्याच्या कागदावर सही करू नकोस. मी म्हटले, ताईला माणसांची पारख नाही. सही केली. पहिली दोन वर्षे हप्ता इतका गरीब होता की मला बँकेची दया यायची. तिसऱ्या वर्षी तो अंगाने भरला, आणि चौथ्या वर्षी मी बत्तीस वर्षे ज्या कारखान्यात बोल्ट कापले तो कारखाना बंद पडला. आता परिस्थिती अशी आहे की घरावर एक्क्याण्णव हजार डॉलर्स कर्ज आहे, आणि घराला कुणी अडतीस हजारांच्या वर द्यायला तयार नाही. खिडक्या मात्र चांगल्या आहेत. त्यांतून सगळा रस्ता रिकामा होताना अगदी स्वच्छ दिसला.

रस्त्याचे सांगतो. आमच्या रस्त्यावरच्या चौदा घरांपैकी नऊ रिकामी आहेत. लोक जातात, बँक कुलूप लावते, आणि आठवड्याच्या आत चोर येऊन भिंतीतले तांब्याचे पाइप उपटून नेतात. म्हणून आम्ही उरलेल्या पाच घरांनी रिकामी घरे वाटून घेतली. कुणाच्या खिडकीला आपले जुने पडदे लावायचे, कुणाच्या पायऱ्यांवरचा बर्फ काढायचा, कुणाच्या दोरीवर धुणे टाकायचे, म्हणजे चोराला वाटावे की आत संसार चालू आहे. या सगळ्याच्या सेनापती समोरच्या झायोंत्सकाकू. (वय एक्क्याऐंशी, अजून रोज पायऱ्या घासतात, बर्फ पडत असताना देखील.) माझ्याकडे शेजारचे घर आले. त्याच्या टपालपेटीवर मी 'नोवोत्नी' असे नाव रंगवले, दिवे वेळेवर लागतील असे यंत्र बसवले, आणि दर सोमवारी माझ्या दोन विजारी त्यांच्या दोरीवर वाळत घालू लागलो. वर्षभरात या नोवोत्नींची इतकी पत वाढली की त्यांना टपालाने कर्ज देऊ करणारी पत्रे येतात. माझ्याच बँकेकडून. मला ती फोनवर अर्धा तास संगीत ऐकवते, आणि ज्या माणसाच्या विजारी सुद्धा स्वतःच्या नाहीत त्याला 'आदरणीय ग्राहक' म्हणते. व्हेरोनिका म्हणाली, "तुम्ही खरेखुरे माणूस राहिलात हेच चुकलं."

तर मार्चच्या पंधरा तारखेला आमच्या घराचा लिलाव आहे. शेरीफचा कागद दाराला चिकटवून गेले. (तोही चारी कडांनी. तुझी आठवण झाली.) लिलाव झाला तर आम्ही हात हलवत रस्त्यावर, आणि घर बँकेच्या किंवा कुणातरी परगावच्या माणसाच्या हाती, जो ते बघायलाही येणार नाही. तेव्हा चर्चच्या गायकवृंदात खालच्या पट्टीत गाणारी डॉटी, जी आठवडाभर घरांची दलाली करते, तिने दुसरी वाट दाखवली. तिला शॉर्ट सेल म्हणतात. म्हणजे असे, की खरा राहणारा गिऱ्हाईक आणायचा, तो देईल तेवढे बँकेने घ्यायचे, उरलेल्या कर्जावर पाणी सोडायचे, आणि आपण ताठ मानेने किल्ली देऊन निघायचे. वर बँक सामान हलवायला तीन हजार डॉलर्स देते. गिऱ्हाईकही देवाने धाडल्यासारखे मिळाले, ल्यूसिंडा म्हणून, आपल्याच इस्पितळात रात्रपाळीची परिचारिका, दोन मुली. अडतीस हजार रोख बोलली. तिने घर बघताना स्वयंपाकघराची खिडकी उघडली, मिटली, परत उघडली, आणि म्हणाली, "ही अडकत नाही. माझ्या भाड्याच्या घरातली खिडकी सात वर्षं अडकलेली आहे." व्हेरोनिकाने तिला तिथल्या तिथे पिएरोगी खाऊ घातले. ती गेल्यावर व्हेरोनिका ओटा पुसता पुसता म्हणाली, घर द्यायचेच तर हिला द्या. मी हो म्हटले. तेव्हापासून आमचा सगळा जीव या एकाच गोष्टीत अडकला आहे की घर ल्यूसिंडाला मिळावे.

पण बँकेला आधी पटवावे लागते की तुम्ही खरोखर हलाखीत आहात. त्यासाठी स्वहस्ते एक पत्र लिहायचे असते. मी लिहिले. डॉटीने वाचले आणि चष्मा काढून ठेवला. मी लिहिले होते की देवाच्या कृपेने आम्हांला काही कमी नाही, तब्येती बऱ्या आहेत, कुणाचे एक सेंटही देणे ठेवायची आमच्या घराण्यात पद्धत नाही, आणि तुमच्या घरची मंडळीही खुशाल असतील. डॉटी म्हणाली, "फ्लोरियन, हे वाचून बँक तुमच्याकडेच उसने मागेल." ताई, आपल्या वडिलांनी आपल्याला सगळे शिकवले, पण गरीब असल्याचे सांगायला नाही शिकवले. दुसरे पत्र व्हेरोनिकाने लिहिले. मी ते न वाचता सही केली. (न वाचता सही करण्याचा मला अनुभव आहेच.)

त्यानंतर बँक घराची किंमत ठरवायला आपला माणूस पाठवते. इथे खरी मेख आहे, नीट ऐक. आपल्याला वाटेल, घर छान दिसावे. चूक. त्याला घर छान दिसले तर तो किंमत वाढवून सांगणार, बँक म्हणणार अडतीस फार कमी, आणि सौदा मोडणार. म्हणजे वर्षभर आम्ही जो रस्ता चोरांसाठी नटवला तो बँकेसाठी एक दिवस विस्कटायचा. माणूस शुक्रवारी, बावीस जानेवारीला येणार होता. मी सगळ्यांना आमच्या स्वयंपाकघरात जमवले आणि कामे वाटली. शुक्रवारी पडदे काढायचे, बर्फ काढायचा नाही, नोवोत्नींचे दिवे बंद, माझ्या ओसरीवर मोडका फ्रिज आडवा. शेवटी झायोंत्सकाकू म्हणाल्या, "माझ्या पायऱ्यांवर बर्फ? मी मेल्यावर." त्यांना एका दिवसापुरते मरायला तयार करण्यात माझी संध्याकाळ गेली.

आता गुरुवारकडे येतो. तिकडे फ्लोरिडात नाताळानंतर पाद्री घरोघर आशीर्वाद द्यायला येतात की नाही कोण जाणे, इथे अजून येतात, आणि या वर्षी आमच्या रस्त्याची पाळी गुरुवारी, एकवीस तारखेला होती. नवे सहायक पाद्री, फादर बोनिफेस, नुकतेच मिलवॉकीहून आलेले, कुणी पाहिलेले नव्हते. पाद्री येणार म्हटल्यावर काय होते ते तुला सांगायला नको. तीन दिवस घासपूस. टेबलावर आईची पांढरी चादर, दोन मेणबत्त्या, पवित्र पाणी, खसखशीचा रोल, आणि दारावर लिहायला खडू. झायोंत्सकाकूंनी स्वतःच्या पायऱ्या झाल्यावर नोवोत्नींच्याही घासल्या, कारण पाद्र्याला काय वाटेल. मी म्हटले, काकू, नोवोत्नी नाहीतच. त्या म्हणाल्या, "म्हणून काय घाणीत राहायचं त्यांनी?"

साडेदहाला बेल वाजली. दारात चाळिशीतले एक गृहस्थ. काळा लांब कोट, गळ्याशी पांढरा मफलर घट्ट, हातात चामडी पेटी, नाक सर्दीने लाल. म्हणाले, घर बघायला आलो आहे. व्हेरोनिका म्हणाली, "या या, कधीची वाट बघतोय," आणि कोट सुद्धा न काढू देता त्यांना टेबलाशी बसवून रोलचे दोन तुकडे पुढे केले. त्यांनी पहिला तुकडा संकोचाने खाल्ला, दुसरा सराईतपणे. मग प्रत्येक खोली बघायची इच्छा दाखवली. पाद्री प्रत्येक खोलीत जातातच, आम्ही मेणबत्ती घेऊन मागोमाग. ते छताच्या कोपऱ्यांकडे बराच वेळ टक लावून बघत. मला वाटले प्रार्थना करतात, म्हणून मी मान खाली घातली. मग भिंतीवर टकटक करून कान लावला. व्हेरोनिका माझ्या कानात म्हणाली की किती मनापासून करतात. फोटो काढले, ते बिशपना दाखवायला असावेत. तळघरात भट्टी किती वर्षांची असे विचारले, आणि मला बरे वाटले की या तरुण पाद्र्यांना माणसाच्या थंडीवाऱ्याची फिकीर असते. मोजपट्टी काढली तेव्हा मात्र मी थोडा बिचकलो, पण हल्ली पाद्र्यांच्या विद्यालयांतून काय काय नवीन शिकवतात आपल्याला काय ठाऊक.

एवढ्यात झायोंत्सकाकू बाकीची मंडळी घेऊन हजर झाल्या, प्रत्येकाच्या हातात झाकलेली ताटली. गृहस्थ विचारत होते, हा रस्ता कसा आहे, लोक कसे आहेत. पाद्र्यापुढे रस्त्याची निंदा कोण करणार? काकूंनी सांगितले की इथे सगळे एकमेकांना धरून आहेत, कुणाच्या दारात कचरा नाही, शेजारचे नोवोत्नी तर इतके सज्जन की वर्षभरात त्यांचा आवाज ऐकला नाही. निघताना व्हेरोनिकाने त्यांच्या हातात खडू दिला आणि आम्ही सगळे दाराशी मान झुकवून उभे राहिलो. ते बिचारे एकदा आमच्याकडे, एकदा खडूकडे, एकदा दाराकडे बघत राहिले. दरवर्षी तिथे सालाचे आकडे आणि बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांच्या नावांची पहिली अक्षरे लिहितात. यांनी थोडा विचार केला, हातातला कागद बघितला, आणि सुबक अक्षरांत लिहिले: २४ × ४०. कुणीतरी 'आमेन' म्हटले. काकू म्हणाल्या, नवी पद्धत दिसते. मी त्यांच्या खिशात वीस डॉलर्सचे पाकीट कोंबले, ते नाही नाही म्हणत गाडीत बसले, आणि आम्हांला इतके प्रसन्न वाटले की विचारू नकोस.

शुक्रवारी ठरल्याप्रमाणे बँकवाल्याची तयारी. पडदे उतरले, फ्रिज आडवा झाला, भट्टी विझवली, व्हेरोनिका दोन शाली गुंडाळून खोकत बसली. (खोकला तिचा स्वतःचा, नोव्हेंबरपासूनचा. औषध महाग आहे म्हणून ती तो वाया जाऊ देत नाही.) टेबलावर एक कांदा आणि पावाचा टोकाकडचा तुकडा. अकरा वाजता रबरी बूट आणि हनुवटीपर्यंत चेन ओढलेले जाडजूड जाकीट घातलेले एक थोराड गृहस्थ बर्फातून धडपडत आले. म्हणाले, काल एका मयताला जावे लागले, म्हणून आज घर बघायला आलो. मी म्हटले, या, बघण्यासारखे फारसे उरलेले नाही. आणि ताई, मग मला जो काही कंठ फुटला! कारखाना, बत्तीस वर्षे, पेन्शन निम्म्यावर आले, गुडघा, व्हेरोनिकाचा खोकला, रस्त्यावरची नऊ घरे, मध्यरात्री भिंतीआड करवतीचा आवाज आला की आम्ही दोघे अंथरुणात बसून राहतो ते, तिने लग्नातली कर्णफुले विकली आणि मला सांगितले की हरवली ते. नाटक म्हणून सुरू केले होते. बोलता बोलता माझ्या ध्यानात आले की यात एकही गोष्ट मी बनवून सांगितलेली नाही. फक्त फ्रिज तेवढा आडवा केला होता. व्हेरोनिका खोकायची थांबून माझ्याकडे बघत होती. कर्णफुलांचे मला माहीत आहे हे तिला माहीत नव्हते.

गृहस्थांच्या डोळ्यांत पाणी. मला वाटले, बँकेत एखादा हळवा माणूसही ठेवतात तर. मग ते म्हणाले, "आपण मिळून प्रार्थना करू या का?" आणि जाकिटाची चेन खाली ओढली. आत गळ्याशी पांढरी पट्टी. ताई, मी त्या क्षणी आडव्या फ्रिजमध्ये जाऊन झाकण लावून घ्यायला तयार होतो. व्हेरोनिकाने माझ्याकडे पाहिले, मी तिच्याकडे, आणि दोघांच्या मनात एकच प्रश्न, की मग काल आपला रोल कोणी खाल्ला. फादर बोनिफेसना काय सांगणार? की हे सगळे आम्ही बँकेला फसवायला मांडले होते? ते कबुलीजबाबाच्या खिडकीत सांगायचे, पाहुण्याला नाही. म्हणून गुडघे टेकले. (दोन्ही. मला उठवायला फादर आणि व्हेरोनिका.) त्या रविवारी त्यांनी व्यासपीठावरून आमचे नाव न घेता सगळे सांगितले, आणि पुढच्या रविवारी नाव घालून पत्रकात छापले.

बँकेचा अहवाल चार दिवसांपूर्वी आला. डॉटीने मला फोनवर वाचून दाखवला, मधेमधे थांबत. घर उत्तम निगेचे, भट्टी चालू स्थितीत, रस्ता पूर्ण वस्तीचा, शेजारी असामान्य सलोख्याचे, शेजारच्या घरातील रहिवासी शांत वृत्तीचे, परिसराला भवितव्य आहे. किंमत चौसष्ट हजार. शुक्रवारी वादळाचा अंदाज होता म्हणून त्या गृहस्थांनी एक दिवस आधीच उरकून घेतले होते. बँकेने ल्यूसिंडाचे अडतीस हजार नाकारले. डॉटीने पुन्हा किंमत करा म्हणून अर्ज केला, तर उत्तर आले की दुसरा माणूस एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात येईल. डॉटीने विचारले, पण लिलाव तर मार्चमध्ये आहे ना? त्यावर ती बाई म्हणाली, लिलावाचे खाते वरच्या मजल्यावर आहे, आमचा त्यांचा संबंध येत नाही. मजले म्हणे दोनच आहेत.

झायोंत्सकाकू दोन दिवस घराबाहेर पडल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या, दारात उभ्या राहून म्हणाल्या, "माझ्या जिभेनं तुमचं घर घालवलं." मी म्हटले, काकू, तुम्ही त्यातले काय खोटे सांगितले? इथे सगळे एकमेकांना धरून नाहीत का? त्या म्हणाल्या, नोवोत्नी. मी म्हटले, बरे, नोवोत्नी सोडून. त्या रडल्या, मग हसल्या, मग जाताना माझ्या पायऱ्यांवरचा बर्फ काढून गेल्या. ल्यूसिंडाला मी स्वतः जाऊन सांगितले. म्हटले, पोरी, तुझे अडतीस हजार बँकेला नकोत, तिला लिलावात घर स्वतःच्या गळ्यात पडलेले हवे आहे. तेव्हा पैसे सांभाळून ठेव. उन्हाळ्यापर्यंत या रस्त्यावरच्या सगळ्या घरांसारखे तेही अठरा-वीस हजारांना कुणीही घ्या म्हणून पाटी लागेल, तेव्हा घे. तोवर पाइप कोण सांभाळणार, तिने विचारले. काकूंनी ती जबाबदारी घेतली आहे. आमच्या खिडकीला पडदे राहतील, दिवे वेळेवर लागतील, आणि दोरीवर माझ्या विजारी. म्हणजे पंधरा मार्चनंतर मीही नोवोत्नींसारखाच या रस्त्यावर राहीन, पत वाढवत.

असो. तर पत्रकातला मजकूर हा असा निव्वळ गैरसमजातून छापला गेला, हे तुला पटले असेलच. आमची मुळीच काळजी करू नकोस. तब्येतीला जप, पोपटाला माझ्या बोटाची आठवण दे, आणि भाओजींच्या फोटोपुढे आमच्या नावाने एक मेणबत्ती लाव.

तुझा आज्ञाधारक (सही प्रकरण सोडून) भाऊ,
फ्लोरियन

ता. क. बँकवाल्या गृहस्थांनी वीस डॉलर्स परत पाठवले. सोबत छापील चिठ्ठी की कर्मचाऱ्यांना भेट स्वीकारता येत नाही. गेल्या पाच वर्षांत बँकेकडून आमच्याकडे आलेला हा एकमेव पैसा. खाली हाताने लिहिले होते, रोल फार छान होता, माझी आजी करायची तसा. त्याच्यावर मला धड रागावताही येत नाही.

ता. क. २. दारावरचे २४ × ४० मी पुसलेले नाही. फादर म्हणाले, खरा आशीर्वाद लिहून देतो, पण व्हेरोनिका नको म्हणाली. छत्तीस वर्षे आम्ही या घरात मावलो, ते केवढे होते हे निदान दारावर तरी असू दे, असे तिचे म्हणणे. तिने त्या दिवशी कर्णफुलांबद्दल एवढेच विचारले की कधीपासून माहीत होते. मी सांगितले, हरवली म्हणालीस त्याच दिवसापासून.

ता. क. ३. कॉफीच्या डब्यात चारशे बारा डॉलर्स जमले. ते मी ताबडतोब परत करणार होतो. केलेले नाहीत. त्यातून व्हेरोनिकाचे औषध आणले आणि उरलेल्यात फ्लोरिडाच्या बसची दोन तिकिटे येतात असे खिडकीवरचा माणूस म्हणाला. सहज विचारले होते.

ता. क. ४. त्या डब्यात फ्लोरिडाच्या शिक्क्याचे एक निनावी पाकीटही निघाले, पन्नास डॉलर्सचे. फादरना ते काही केल्या उघडेना, म्हणून त्यांनी तसेच माझ्याकडे आणून दिले. चारी कडांना चिकटपट्टी, आणि पट्टीवर पट्टी. मी पक्कड आणली. ताई, तू विचारले नाहीस, म्हणून मीही काही सांगितले नाही असे समज, आणि वरची सहा पाने फाडून टाक.

ता. क. ५. व्हेरोनिका म्हणते, त्या खोलीतल्या भाओजींच्या काठ्या हलवू नकोस. आम्ही कडेकडेने झोपू.